मेक्सिको देशाचे तंतुसंगीत व त्याचे जतन

विद्यार्थिमित्रहो, मेक्सिको देशाचे नाव आपण भूगोलाच्या पुस्तकात वाचले आहे. परंतु त्या देशाशी आपली ओळख त्यापूर्वीच, आपल्या स्वयंपाकघरात झालेली आहे. जिच्यावाचून आपल्या घरचे कालवण होत नाही ती मिरची, पावसाळ्यात निखाऱ्यांवर भाजून खावयाचे मक्याचे कणीस, आणि लहानथोरांस आवडणारा चिकू, ही सर्व मूळची त्याच बाजूची. मिरची तर पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्याच्या किनाऱ्यास लागली व तेथून घाट चढून देशावर आली. ज्या देशाचे पीक आपण इतकी शतके खात आलो, त्या देशाचे गाणे मात्र आपल्यापैकी थोड्यांनीच ऐकले असेल. त्या गाण्याविषयी, आणि ते लोपून जाऊ नये म्हणून ज्यांनी डोंगरदऱ्यांतून यंत्रे वाहून नेली त्यांच्याविषयी, चार शब्द सांगण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

इ. स. १५१९ मध्ये एर्नान कोर्तेस हा स्पॅनिश सरदार आजच्या वेराक्रूसजवळील किनाऱ्यावर उतरला, आणि १५२१ मध्ये आस्तेक लोकांची राजधानी पडली. त्या भूमीत पूर्वी बासऱ्या, शंख, नगारे व खुळखुळे वाजत असत. तारांच्या वाद्यांचा प्रचार मात्र नव्हता. गिटारीच्या कुळातील वाद्ये, व्हायोलिन आणि हार्प ही स्पॅनिश लोकांबरोबर आली. हार्प म्हणजे उभ्या चौकटीत ताणलेल्या तारा दोन्ही हातांच्या बोटांनी छेडावयाचे वाद्य होय. १५२३ मध्ये पेद्रो दे गांते नावाच्या फ्रान्सिस्कन मिशनऱ्याने तेस्कोको येथे तद्देशीय मुलांसाठी शाळा काढली. तेथे लिहिण्यावाचण्याबरोबर गायनवादनही शिकविले जाई. तेथील कारागीर लवकरच ही परदेशी वाद्ये स्वतः घडवू लागले, आणि देवळातील वाद्ये अंगणात व शेतावर वाजू लागली. ह्याच सुमारास आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून आणलेली माणसे वेराक्रूस बंदरात उतरविली जात. त्यांजपाशी सामान नव्हते. पण ताल होता, आणि तो कोणास हिरावून घेता आला नाही.

स्पेनचे सूर व छंद, आफ्रिकेचा ताल आणि मूळ रहिवाशांची राहणी व भावना ह्यांच्या संगमातून जे संगीत निर्माण झाले त्यास ‘सोन’ असे म्हणतात. स्पॅनिश भाषेत ह्या शब्दाचा अर्थ केवळ ‘ध्वनी’ असा आहे. हे संगीत सर्वांस रुचले असे मात्र नव्हे. १७६६ मध्ये ‘चुचुम्बे’ नावाचे एक नाचगाणे असभ्य ठरवून धर्मन्यायालयाने त्यास बंदी घातली. गोरगरिबांचे गाणे हुकमाने थांबत नाही, ही गोष्ट त्या न्यायाधीशांस पुढे कळून आली असेल.

मेक्सिको देश विस्तीर्ण आहे, आणि आपल्याकडे जशी बारा कोसांवर भाषा बदलते तसा तेथे सोन बदलतो. वेराक्रूसच्या दक्षिणेकडील सखल मुलखात ‘सोन हारोचो’ गातात. त्याचे मुख्य वाद्य ‘हाराना’ हे होय. जुने कारागीर हाराना घडविताना लाकडाचा एकसंध ठोकळा आतून कोरून काढतात व वर पातळ फळी बसवितात. तिच्या जोडीस ‘रेकिंतो’ नावाचे वाद्य असते. त्यावर शिंगाच्या लांब पट्टीने सूर छेडून गाण्याची चाल आधी दाखवितात. ईशान्येकडील ‘वास्तेका’ प्रांतात एक व्हायोलिन, एक लहान हाराना व एक मोठ्या पोटाची गिटार असा तिघांचा ताफा असतो. तेथील गायक गाता गाता आवाज एकदम वरच्या, बारीक पट्टीत नेतात. मिचोआकान प्रांतातील उष्ण खोऱ्यांत हार्पवादक तारा छेडीत असता दुसरा मनुष्य त्याच हार्पच्या पोकळ खोक्यावर हातांनी ताल धरतो. म्हणजे एकच वाद्य, आणि त्याचे तंतू एकाकडे व चर्मावाचूनचा मृदंग दुसऱ्याकडे! ज्या ‘मारियाची’ वृंदांचे नाव आज सर्वत्र ऐकू येते, तेही मूळचे खेड्यांतील तंतुवाद्यांचे ताफे होत. त्यांत कर्णे शिरले ते विसाव्या शतकात.

ह्या संगीताच्या लयीतील एक गंमत विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावी. सहा मात्रा सारख्या वेगाने मोजा. प्रथम ‘एक-दोन-तीन, एक-दोन-तीन’ असे दोन भाग करून प्रत्येक ‘एक’वर टाळी द्या; हा आपला परिचित दादराच झाला. आता वेग न बदलता त्याच सहा मात्रांचे ‘एक-दोन, एक-दोन, एक-दोन’ असे तीन भाग करा. पहिल्या रीतीने दोन टाळ्या पडतात, दुसऱ्या रीतीने तीन. सोनमध्ये ह्या दोन्ही रीती शेजारी शेजारी, कधी तर एकाच वेळी चालतात. हाराना एका रीतीने चालली असता नाचणाऱ्याची टाच दुसऱ्या रीतीने पडते. वर्गातील अर्ध्या मुलांनी पहिली रीत व अर्ध्यांनी दुसरी रीत एकदम धरली, तर सोनचे मर्म पाच मिनिटांत कळेल.

वेराक्रूसकडे सोन गाण्याच्या समारंभास ‘फांदांगो’ म्हणतात. गावातील मोकळ्या जागी फळ्यांचा एक बुटका, आतून पोकळ असा मंच ठेवतात. त्याच्या भोवती हाराना घेतलेले लोक दाटीने उभे राहतात. मंचावर चढून नाचणारा जो पदाघात करतो तोच ह्या संगीताचा पखवाज. काही सोन केवळ स्त्रियांनी नाचावयाचे, काही जोडीने नाचावयाचे, असा संकेत आहे. एकाने कडवे म्हणावे, दुसऱ्याने त्यास उत्तर द्यावे. कडवी जुनी पाठातली असतात तशी जागच्या जागी रचलेलीही असतात. एकच सोन अर्धा तास चालू शकतो, आणि समारंभास उजाडते. येथे श्रोता व गायक असा भेद फारसा राहत नाही. नवशिका मुलगा मागच्या रांगेत उभा राहून मोठ्यांच्या बोटांकडे पाहतो, व वर्षानुवर्षांनी एकेक पाऊल पुढे सरकत मंचाजवळ येतो. हीच त्याची पाठशाळा.

असे संगीत कागदावर उतरत नाही. स्वरलिपीने चाल टिपता येईल. पण गळ्याचा धर्म, टाचेचा आवाज आणि कडव्यांची उत्तरे-प्रत्युत्तरे त्या चिन्हांतून निसटून जातात. १८७७ मध्ये एडिसन ह्यांनी ध्वनी साठविण्याचे यंत्र सिद्ध केले, तेव्हा ही अडचण दूर होण्याची आशा उत्पन्न झाली. पुढे प्रचारात आलेल्या अशा यंत्रांस बहुधा वीज लागत नसे. कर्ण्याच्या तोंडाशी गाइले असता आवाजाने एक पातळ पडदा थरथरे, आणि त्यास जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या नळकांड्यावर बारीक चर कोरीत जाई. मग त्या चरातून सुई पुन्हा फिरविली की गाणे ऐकू येई. मात्र एका नळकांड्यावर दोनचार मिनिटांचेच गाणे मावे, आणि प्रत्येक वेळी ऐकताना मेण झिजून ध्वनी क्षीण होई. गाणे राखावे तर ऐकावयाचे नाही, आणि ऐकावे तर राखावयाचे नाही, असा तो पेच होता.

कार्ल लुमहोल्त्स ह्या नॉर्वेच्या प्रवाशाने १८९८ मध्ये असे यंत्र मेक्सिकोच्या पश्चिमेकडील पर्वतांत नेऊन विचोल लोकांची गाणी साठविली. पुढे १९०५ ते १९०७ ह्या काळात कोनराड प्रॉयस ह्या जर्मन पंडितानेही कोरा व विचोल लोकांत राहून तसेच काम केले. हे डोंगरी लोक जगापासून दूर राहिलेले खरे. तथापि विचोल लोक स्वहस्ते घडविलेले लहानसे व्हायोलिन व गिटार आपल्या पूजाविधीत वाजवितात. स्पेनहून आलेली तार अशा दुर्गम ठिकाणीही पोहोचून अगदी घरची झाली होती.

ह्या कामातील सर्वांत धाडसी प्रकरण एका तरुण स्त्रीचे आहे. हेन्रिएटा युर्चेंको ह्यांचा जन्म १९१६ मध्ये अमेरिकेत झाला. न्यूयॉर्कच्या नभोवाणीवर त्या लोकसंगीताचे कार्यक्रम करीत. १९४१ मध्ये त्या मेक्सिकोस गेल्या, आणि पुढील चारपाच वर्षे पुरेपेचा, कोरा, विचोल, सेरी, याकी, ताराउमारा इत्यादि लोकांमध्ये हिंडून त्यांनी गाणी मुद्रित केली. त्या वेळी तबकडीवर सुईने चर कोरण्याचे यंत्र वापरीत. ते अवजड असे. विजेची सोय नसलेल्या गावी ती पुरविण्याची साधनेही बरोबर न्यावी लागत. आणि कोऱ्या तबकड्या फुटू न देता हे सर्व ओझे खेचरांच्या पाठीवर लादून डोंगर चढावे लागे. याकी लोकांच्या नाचाबरोबर वाजणारे हार्प व व्हायोलिन, ताराउमारांची व्हायोलिने, हे सर्व त्यांच्या तबकड्यांत उतरले. मेक्सिकोतील आदिवासींच्या संगीताच्या सरकारी ध्वनिसंग्रहास पुढे युर्चेंको ह्यांचेच नाव देण्यात आले. २००७ मध्ये त्या वारल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फितीची यंत्रे आली आणि दीर्घ गाणे सलग साठविणे शक्य झाले. होसे राऊल हेल्मर हे जन्माने अमेरिकन. पण मेक्सिकोतच स्थायिक होऊन १९७१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते गावोगावचे सोन गोळा करीत राहिले. टॉमस स्टॅनफर्ड ह्यांनी १९५० नंतरच्या दशकांत हेच व्रत घेतले. मेक्सिकोच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र व इतिहास संस्थेने १९६० नंतरच्या दशकात अशा मुद्रणांच्या तबकड्या काढण्यास आरंभ केला. ती माला आजपावेतो साठांच्या पलीकडे गेली आहे. १९८५ मध्ये एदुआर्दो येरेनास, एन्रिके रामिरेस दे आरेयानो व बेनो लीबरमान ह्या तिघांनी अनेक वर्षांच्या प्रवासांती सहा तबकड्यांचा एक सोनसंग्रह प्रसिद्ध केला. ह्यांतील येरेनास शिक्षणाने जीवरसायनशास्त्रज्ञ होते. आवड असली म्हणजे अशा कामास पदवी आड येत नाही, हे पालकांनीही लक्षात घ्यावे.

येथे कोणी विचारील की, ज्या देशात तबकड्यांचा व्यापार जोरात होता तेथे ह्या खटाटोपाची गरज काय? ह्याचे उत्तर वेराक्रूसच्याच कथेत आहे. १९३० नंतर त्या प्रांतातील चांगले वादक उपजीविकेसाठी राजधानीत जाऊ लागले. तेथे चित्रपट होते, उपाहारगृहे होती, नभोवाणी होती. आंद्रेस वेस्का ह्या नामांकित वादकाने उभे राहून वाजविता यावे म्हणून मोठी हार्प घेतली. शुभ्र पोशाख आले, गती वाढली, अर्ध्या तासाचा सोन तीन मिनिटांत बसू लागला. १९४६ च्या निवडणुकीत मिगेल आलेमान ह्यांच्या प्रचारात ‘ला बाम्बा’ हा सोन वाजू लागला, आणि १९५८ मध्ये रिची वॅलेन्स ह्या कॅलिफोर्नियातील सतरा वर्षांच्या मुलाने नव्या पाश्चात्य ढंगात गाइल्यावर तो जगभर पसरला. ह्यात कोणाचा दोष नाही. वादकास पोट आहे आणि श्रोत्यास हौस आहे. परंतु परिणाम असा झाला की, शहरातील लोक त्या तीन मिनिटांनाच सोन समजू लागले, आणि खेड्यातील तरुणांस आपल्या आजोबांचे संथ, रात्रभर चालणारे गाणे गावंढळ वाटू लागले. फळ्यांचा मंच कोपऱ्यात पडून राहू लागला.

अशा वेळी १९६९ मध्ये वर सांगितलेल्या संस्थेने वेराक्रूसच्या सोनांची एक तबकडी काढली. तीत आर्कादियो इदाल्गो ह्या वृद्धाचा आवाज आहे. हे १८९३ मध्ये जन्मलेले, शेतावर राबलेले, तरुणपणी क्रांतीच्या युद्धात लढलेले गृहस्थ. त्यांच्या गाण्यात झगमगाट नाही. पण ज्याने गाणे पोटासाठी नव्हे तर जगण्यासाठी गाइले त्याचा तो आवाज आहे. १९७७ मध्ये काही तरुणांनी ‘मोनो ब्लांको’ नावाचा संघ स्थापिला, आणि ऐंशी वर्षे उलटलेल्या ह्या वृद्धास आपल्यात घेतले. ते त्याच्याशेजारी बसले, त्याची कडवी पाठ केली, खेड्यांत जाऊन मुलांस हाराना शिकवू लागले. १९७९ मध्ये त्लाकोताल्पान ह्या नदीकाठच्या नगरात हारानावादकांचे संमेलन सुरू झाले. तेथील फेब्रुवारीच्या उत्सवात ते भरू लागले. १९८४ मध्ये आर्कादियो इदाल्गो निवर्तले, तोवर त्यांच्या गाण्यास नवे गळे मिळाले होते. आज मेक्सिकोच्या बाहेर, अमेरिकेतील शहरांतही फांदांगो भरतात.

ह्या कथेचा इत्यर्थ आम्हांस असा दिसतो की, ध्वनिमुद्रण हे बियाण्याच्या कणगीसारखे आहे. कणगीत धान्य सुरक्षित राहते, पण तेथे ते उगवत नाही. त्यास शेत लागते व पेरणारा हात लागतो. तबकडीत एका रात्रीचे एक गाणे असते; दुसऱ्या रात्री तोच गायक निराळे कडवे म्हणाला असता. म्हणून तबकडीतील पाठ तेवढा शुद्ध व बाकीचे अशुद्ध असे मानणे हीही एक चूकच. तरुणांनी तबकडी ऐकावी आणि मग जिवंत माणसाच्या दारी जावे, ह्यातच दोहोंचे सार्थक आहे.

आणखी एक गोष्ट न्यायाची आहे. अनेक जुन्या मुद्रणांवर जमातीचे नाव आहे, गावाचे आहे, मुद्रण करणाऱ्या पंडिताचे तर ठळक आहे. गाणाऱ्याचे मात्र नाही. ज्याचा गळा तोच अनामिक! उलट उदाहरण पाहा. गेरेरो प्रांतातील उष्ण खोऱ्यात राहणारे ह्वान रेनोसो हे व्हायोलिनवादक १९१२ मध्ये जन्मले. खेड्यातील नाचगाण्यांत त्यांचे आयुष्य गेले. त्यांचे वादन मुद्रित झाले ते त्यांच्या नावानिशी. परदेशचे विद्यार्थी त्यांचे घर शोधीत आले. आणि १९९७ मध्ये त्यांस राष्ट्राचा सर्वोच्च कलापुरस्कार मिळाला. २००७ मध्ये ते वारले तेव्हा त्यांचे नाव मागे राहिले होते.

आता आपल्याकडे वळू. १९७७ मध्ये अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अंतराळात पाठविली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तीत पृथ्वीवरील संगीताचे सत्तावीस नमुने आहेत, आणि पंचावन्न भाषांतील अभिवादनांत आपल्या मराठीचेही अभिवादन आहे. त्या सत्तावीसांत मेक्सिकोचा ‘एल कास्काबेल’ हा सोन मारियाची वृंदाने गाइलेला आहे. आणि भारताच्या वतीने गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर ह्यांची भैरवी आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. त्यांचा आवाज आज आंतरतारकीय अवकाशात पोहोचला आहे; परंतु त्यांचे गाणे पृथ्वीवर पुढे चालले ते धोंडूताई कुलकर्णी ह्या शिष्येने समोर बसून वर्षानुवर्षे शिकून घेतले म्हणून. सोनची कथा आणि ही कथा एकच आहे.

आपल्या खेड्यांतील गाण्यासाठीही असे काम झालेले आहे. हेमा राईरकर व ग्वी प्वातवाँ ह्यांनी १९८० नंतरच्या दशकांत पुणे जिल्ह्यात व इतरत्र बायाबापड्यांच्या जात्यावरील एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि ओवी गाणारीचे नाव व गाव टिपून ठेवण्याची काळजी घेतली. हे वाचले तेव्हा आम्हांस आमची आजी आठवली. तिला शेकडो ओव्या येत. पहाटे जात्याच्या घरघरीबरोबर त्या आमच्या कानी पडत, आणि आम्ही पांघरूण डोक्यावर ओढून घेत असू. आज त्यांतील चार ओव्या आम्हांस आठवतात, आणि पाचवी सांगणारे घरात कोणी उरले नाही. तिजपाशी ओव्या होत्या तेव्हा आमच्यापाशी यंत्र नव्हते, असे म्हणून आम्ही मनाचे समाधान करीत असू. पण वही व पेन्सिल तर होतीच.

विद्यार्थिमित्रहो, जे यंत्र युर्चेंकोबाईंस खेचरांवर लादावे लागले ते आज प्रत्येक घरी भ्रमणध्वनीच्या रूपाने खिशात मावते. तेव्हा ह्या सुट्टीत एवढे करा. घरातील किंवा शेजारच्या वडील माणसाकडे जा. आधी परवानगी विचारा. गाणे मध्येच थांबवू नका, घाई करू नका, खोकला आला तर तोही राहू द्या. गाणाऱ्याचे पूर्ण नाव, गाव, तारीख आणि ‘हे तुम्ही कोणाकडून शिकलात?’ ह्या प्रश्नाचे उत्तर टिपून ठेवा. मुद्रण झाल्यावर ते प्रथम त्यांसच ऐकवा, कारण ते त्यांचे आहे. आणि शेवटी, यंत्र बाजूस ठेवून, त्यांतील एक तरी गाणे त्यांच्यासमोर बसून स्वतः म्हणावयास शिका. पालकांस विनंती इतकीच की, त्या दिवशी मुलांस ‘अभ्यास कर’ असे म्हणू नये. कारण मुले तेव्हा अभ्यासच करीत असतील.